बिनडागाची पिशवी

भैरवीने चिवड्याची काचेची बरणी गल्ल्याशेजारून उचलली आणि थेट मागच्या फळीवर, खराटे आणि फिनाइलच्या बाटल्यांच्या ओळीत नेऊन ठेवली. कृष्णकांत गल्ला सोडून तिच्या मागे आले.

"अगं, ती काहून उचलून राहिली?"

"बाबा, समोरची जागा आता भाजक्या चिवड्याची. तळलेला मागे. ज्याला पाहिजे तो विचारेल."

"विचारीन? गिऱ्हाईक विचारायले येते का दुकानात? त्याले दिसलं तर सुचते, सुचलं तर घेते. इतकी वर्षं मी काय इथं माशा मारून राहिलो?"

भैरवी खाकी कागदाच्या पिशव्या समोर रचण्यात गुंतली होती. प्रत्येक पिशवीवर हिरव्या शाईचा शिक्का होता, 'भाजका चिवडा, तेल नावापुरतं', आणि तोंडाशी स्टेपलरची पिन. आता सांगा, चिवड्याला कोणी पिन मारतं का? पण कृष्णकांत गप्प बसले, कारण गप्प बसण्यातच त्यांचा फायदा होता.

गोष्ट अशी होती की कृष्णकांतांना ही एकच लेक. आहारशास्त्र शिकून ती मोठी झाली आणि पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली. मे संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. तेव्हा भैरवीनेच तोडगा काढला. "बाबा, दुकानात मला एक काउंटर द्या. पौष्टिक वस्तूंचं. चाललं तर मी नागपुरातच राहीन, दुकान पुढे नेईन. नाही चाललं, तर पुणे." कृष्णकांत वरवर म्हणाले, "तुझी मर्जी, बापा." पण लेक पुण्याला जाईल आणि आपण दिवाळीची वाट पाहत बसू, या विचाराने त्यांना सकाळी दुकानाचं शटर वर करायचाही उत्साह उरला नव्हता. ते काउंटर चालायलाच हवं होतं.

आणि ते काही चालेना.

म्हणजे लोक नावं ठेवत होते असं नाही. नावं ठेवली असती तर परवडलं असतं! मोहल्ला नुसती स्तुती करत होता. भैरवीने वाटीत चिवडा काढून ठेवला होता, चव पाहायला. माणसं प्रसादासारखा हात पुढे करत, तोंडात टाकत, मान डोलवत आणि साबण घेऊन घरी जात. हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा देवाजी रोज कंपनीच्या बसची वाट पाहत दुकानाशी उभा राहायचा. त्याला भैरवीने सरळच विचारलं, "देवाजीभाऊ, खरं सांगा, कसा वाटला?"

"चांगला आहे ताई. एकदम चांगला."

"मग नेत का नाही?"

देवाजी संकोचला. "आता ताई, चांगला आहे म्हणून कोणी खाते का? खाताना थोडंसं चुकल्यासारखं वाटलं पाहिजे, तर मजा येते."

निवृत्त ओव्हरसियर मनोहररावांनी तर वाटी जवळजवळ रिकामी करून भाषणच ठोकलं. "भैरवी बेटा, समाजाले याचीच गरज आहे. आमची पिढी तेलानं बुडवली." एवढं बोलून ते गल्ल्याच्या बाजूला सरकले आणि कृष्णकांतांच्या कानाशी लागले. "माझा नेहमीचा दे गा, मागच्या बरणीतला. अन् पेपरात नको बांधू. चारुशीला गच्चीवरून पाहते. त्या पिन मारलेल्या पिशवीत टाकून दे."

"त्या पिशवीत?"

"डॉक्टरनं तळलेलं बंद केलं ना माझं. त्या पिशवीवर शिक्का आहे. शिक्का पाहिला की बाई दरवाजा उघडते."

मनोहरराव पिशवी छातीशी धरून ताठ मानेने घरी गेले. कृष्णकांत त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

त्या दिवसापासून त्यांचा दुपारचा उद्योग सुरू झाला. मे महिन्यातली नागपूरची दुपार, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. भैरवी घरी जेवायला गेली की कृष्णकांत शटर अर्धं खाली ओढत, पिशव्यांच्या पिना नखाने उचकत, आतला भाजका चिवडा परातीत ओतत आणि बरणीतला तळलेला पिशव्यांत भरत. परातीतला मग बरणीत; सकाळी घरून तळलेल्याचा ताजा डबा आला की बरणी त्याने बदलायची. पुन्हा पिना मारायच्या, पुन्हा पिशव्या होत्या तशा रचायच्या. कूलर समोर असूनही घामाने बनियन पिळून निघायचं. दोन्ही चिवडे त्यांच्या बायकोच्या, यमुताईंच्याच हातचे, मसाला तोच, रंग तोच. नुसत्या डोळ्यांनी कोणाच्या बापालाही फरक कळला नसता.

गिऱ्हाईक आलं की कृष्णकांत भैरवीची पाठ फिरलेली पाहून कुजबुजत, "घेऊन जा बिनधास्त. आत नेहमीचाच आहे. नुसते कपडे बदलले त्याचे."

आणि काय सांगावं! पिशव्या उडायला लागल्या. ज्यांच्या घरी सून ओरडत होती, बायको ओरडत होती, डॉक्टर ओरडत होता, ते सगळे खाकी पिशवी मिरवत जाऊ लागले. देवाजी पाळीला जाताना दोन पिशव्या नेऊ लागला. "भाऊ, मशीनपाशी सगळे वाखाणून राहिले," तो हळूच सांगायचा. "म्हणतात, हा भाजका कसला, हे तर अस्सल आहे." मनोहरराव तर येता-जाता बोटं चाटत म्हणायचे, "यमुवहिनीच्या तळणाले तोड नाही गा. आजकाल तर हात जास्तच चालून राहिला त्यांचा."

कृष्णकांतांना एका गोष्टीचं मात्र नवल वाटायचं. पूर्वी पेपरच्या पुडीतून तेल झिरपून लोकांच्या शर्टाच्या खिशाला डाग पडायचे. या पिशव्या दिवसभर भरलेल्या असत, पण एकीला डाग नाही. 'पोरीनं पिशवी खानदानी आणली बरं,' असं मनाशी म्हणून ते लेकीचं कौतुक करत.

भैरवीचा आनंद गगनात मावेना. ती गुणगुणत दुकानात यायची, भाजलेलं जवस, राजगिऱ्याची चिक्की, ज्वारीच्या लाह्या अशा आणखी वस्तू मांडायची आणि संध्याकाळी रिकामी फळी पाहून बापाच्या गळ्यात पडायची. "बाबा, तुम्ही म्हणत होता ना लोक बदलत नाहीत? पाहा!" अशा वेळी कृष्णकांतांना आत कुठेतरी टोचायचं. लेक गळ्यात पडते ती आपल्या लबाडीमुळे, हे त्यांना कळत होतं. पण ती पुण्याचं नाव काढत नव्हती, तेवढ्यावर ते टोचणी गिळत होते.

मग एका सकाळी भैरवीने जाहीर केलं, "ती तळलेल्याची बरणी आता घरी नेऊ. कोणी विचारतच नाही तिला."

झालं! बरणी गेली तर पिशव्यांत भरायचं काय? कृष्णकांत तडक घरी आले आणि जिना चढून गच्चीवर गेले. यमुताई डोक्यावर पदर घेऊन जुन्या धोतरावर पातळ पोहे पसरत होत्या. खाली चटके बसत होते, पण त्यांचं बिऱ्हाड गच्चीवरच मांडलेलं दिसत होतं.

"यमू, एक काम होतं. रोज सकाळी तळलेल्याचा एक डबा मले गुपचूप देत जा. भैरवीले सांगू नको."

"काहून?"

"एखादं जुनं गिऱ्हाईक मागते. म्हातारे लोक आहेत. त्यांचं मन काहून मोडा?"

यमुताईंनी हाताने पोहे सारखे केले. "बरं. देते."

एवढंच. ना प्रश्न, ना कटकट. बायको इतकी भोळी मिळाली म्हणून कृष्णकांत जिना उतरताना देवाचे आभार मानत होते. दुसऱ्या दिवसापासून डबा येऊ लागला. दुपारी डब्यातलं पिशव्यांत आणि पिशव्यांतलं डब्यात. त्यामुळे डबा घरी परत जायचा तोही भरलेलाच. यमुताई तो भरलेला डबा उतरवून घ्यायच्या आणि चकार शब्द बोलायच्या नाहीत.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण भैरवीला लोकांची मतं हवी झाली. पुण्याला नकार कळवण्याआधी तिला स्वतःची खात्री करून घ्यायची होती. तिने फोन काढला आणि दुकानात येईल त्याच्यासमोर धरला. "सांगा, भाजका चिवडा कसा वाटतो?" देवाजीने ओठ दाबत सांगितलं की खाल्ल्यावर अंग हलकं वाटतं. मग मनोहरराव उभे राहिले. त्यांनी केसांवरून हात फिरवला.

"मी आता तळलेल्याकडे पाहतही नाही," ते कॅमेऱ्याला म्हणाले. "हा चिवडा म्हणजे आरोग्याची गुरुकिल्ली. तेल? तेलाचं नाव घेऊ नका माझ्यासमोर!" आणि भाषण संपल्यावर, फोन अजून सुरू आहे हे न कळून, त्यांनी कृष्णकांतांकडे पाहून डोळा मारला.

भैरवीने ते सगळं मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकून दिलं. डोळ्यासकट.

संध्याकाळी दुकानात चांगलीच गर्दी होती. देवाजी पाळीवरून परतला होता, कूलर घरघरत होता. तेवढ्यात चारुशीलाबाई आल्या. एका हातात खाकी पिशवी, दुसऱ्या हातात मनोहररावांचं मनगट.

"भाऊजी, ह्या पिशवीत काय आहे?"

"भाजका चिवडा, वहिनी," कृष्णकांत फळीवरच्या पिशव्या सारख्या करत म्हणाले.

"माझ्याकडे पाहून सांगा. यांनी फोनमधी डोळा मारला. लग्न झाल्यापासून मले कधी मारला नाही, तुम्हाले काहून मारला? मी खडसावून विचारलं तर म्हणतात, आत तळलेला आहे, कृष्णकांतच भरते."

मनोहरराव वरच्या पंख्याकडे इतक्या बारकाईने पाहू लागले की जणू तो त्यांनीच बसवला होता.

"काकू, शक्यच नाही," भैरवी पुढे आली. "मी स्वतः भरते पिशव्या. रोज सकाळी." बोलता बोलता तिची नजर बापाकडे गेली आणि ती थांबली. "बाबा?"

कृष्णकांतांनी टोपी काढून गल्ल्यावर ठेवली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "दुपारी बदलत होतो, बेटा. तू जेवायले गेली की."

"का?"

"तू पुण्याले जाऊ नये म्हणून. आणखी काय कारण असन? तुझ्याशिवाय मले त्या घरात करमते का?"

भैरवीचे डोळे भरून आले. "म्हणजे माझा चिवडा कोणीच नाही घेतला? एकानेही नाही? आणि मी वेडी तुमच्या गळ्यात पडत होते!" तिने हातातला स्टेपलर खाली ठेवला. "उद्याच कळवते पुण्याला. येते म्हणून."

जे टाळायला कृष्णकांतांनी इतका घाम गाळला, तेच नेमकं समोर येऊन उभं राहिलं होतं.

इकडे चारुशीलाबाईंना बापलेकीच्या भानगडीशी देणंघेणं नव्हतं, त्यांना पुरावा हवा होता. त्यांनी गल्ल्यावरचा पेपर ओढला, त्यावर पिशवीतला मूठभर चिवडा ओतला आणि तळव्याने चांगला दाबला. मग चिवडा बाजूला सारून पेपर दिव्यासमोर धरला. धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

"भाऊजी, याले तेल कुठी आहे?"

"असन ना! नीट दाबा."

"दाबला की. अक्षर न् अक्षर कोरडं आहे."

"आणा इकडे." कृष्णकांतांनी दुसरी पिशवी फोडली, चिवडा पेपरावर घेतला आणि दोन्ही हातांनी रगडला. डाग नाही. तिसरी फोडली. नाही. आता मात्र ते चिडले. "असं कसं होईन? मी तळलेलाच भरला! देवाशपथ! अरे, इतके दिवस घाम गाळून लबाडी केली मी अन् एक डाग पडू नये?"

"भाऊ, तुम्ही सुटले ना," देवाजी समजावू लागला. "मग भांडून काहून राहिले?"

"तू थांब बे! माझा गुन्हा आहे, मले माहीत!"

"कशाचा गुन्हा अन् कशाचं काय," मागून आवाज आला. उद्याचा डबा घेऊन यमुताई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. "तळलेला चिवडा तर महिनाभर झाला, मी केलाच नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"पाहता काय? मे महिन्यात कढईपुढे उभं राहून दाखवा एकदा. गुडघे गेले माझे. पोरीनं भाजका शिकवला, तो बसून करता येते. पोहे गच्चीवर टाकले की अर्धं काम नागपूरचं ऊनच करते. मी म्हटलं, पाहू कोणाले कळते का. दोन्ही डबे भाजक्याचेच भरत गेली. कोणाले नाही कळलं."

"अन् मी मागितला तो डबा?" कृष्णकांतांचा आवाज चिरकला.

"तोही भाजकाच. तुम्ही दुपारी भाजका काढून भाजकाच भरून राहिले होते. अन् भरलेला डबा घरी येत होता, तोच मी सकाळी परत देत होती."

कृष्णकांत मटकन स्टुलावर बसले. भैरवी आधी आईकडे पाहत राहिली, मग बापाकडे, आणि डोळे ओले असतानाच तिला हसू फुटलं. "म्हणजे सगळ्यांनी माझाच चिवडा खाल्ला? मिटक्या मारत?"

"एक मिनिट," मनोहरराव पंख्यावरून खाली आले. त्यांनी पेपरावरचा चिमूटभर चिवडा उचलला, चावला आणि तोंड वाकडं केलं. "तरीच! मी म्हणतच होतो, चवीत काहीतरी गडबड आहे. भुसा खाल्ल्यासारखं लागते."

"हो भाऊ," देवाजीनेही मान हलवली. "मलेही दोन दिवसांपासून घशाले कोरडं लागूनच राहिलं होतं."

अहो, सकाळीच दोन पिशव्या नेलेला माणूस हा! कृष्णकांतांनी कपाळावर हात मारून घेतला. खरं बाहेर आलं तसं काउंटर बुडालं. उद्यापासून या पिशव्यांना कुत्रं विचारणार नाही आणि लेक पुण्याच्या गाडीत बसेल, हे त्यांना स्पष्ट दिसू लागलं.

भैरवी मात्र मनोहररावांच्या वाकड्या तोंडाकडे पाहत होती. मग तिने आईच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. तिने डबा घेतला, झाकण अर्धवट उघडलं आणि अगदी बापासारखी, मान खाली घालून कुजबुजली.

"काका, तुम्हाला मात्र कोणी फसवू शकत नाही. जिभेची पारख आहे तुम्हाला. हा घ्या. आईने पाहुण्यांसाठी लपवून ठेवलेला शेवटचा तळलेला आहे. काकू, तुम्ही जरा तिकडे पाहा बरं."

चारुशीलाबाईंनी भैरवीकडे पाहिलं. बाई हुशार. त्या वळल्या आणि साबणाच्या वड्या न्याहाळू लागल्या.

मनोहररावांनी बकाणा भरला. डोळे मिटले. "हाऽऽ! याले म्हणतात चिवडा! पाहा, तेल कसं जिभेवर उतरते!"

"मलेही बांधा ताई," देवाजीने हात पुढे केला. "पण त्या खाकी पिशवीतच द्या. घरी बरं दिसते."

"अगं, तो डबा तर—" कृष्णकांत स्टुलावरून उठत म्हणाले आणि यमुताईंनी त्यांच्या पायावर पाय दिला, असा की पुढचे शब्द त्यांनी गिळून टाकले.

गर्दी ओसरल्यावर भैरवीने दुकानातूनच पुण्याला फोन लावला. "नाही हो, नाही जमणार," ती म्हणत होती. "इथे माझं काम आहे. लोकांना चांगलं खायला घालायचं तर आधी ते वाईट आहे असं सांगावं लागतं, ते मला आत्ताच समजायला लागलंय." कृष्णकांत धान्याच्या पोत्यांकडे तोंड करून उभे होते. त्यांना लेकीसमोर डोळे पुसायचे नव्हते.

"इकडे या," यमुताईंनी हाक मारली. त्यांनी पिशवीतून पेपरात बांधलेली एक पुडी काढली. "तुमच्यासाठी दुपारी मुद्दाम थोडा तळला. खराखुरा. इतके दिवस भाजका खाऊन राहिले बिचारे."

कृष्णकांतांनी पुडी सोडली, तोंडात घास टाकला आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "हं! हा पाहा. याले म्हणतात फरक. एका घासात कळते. त्या मनोहरले काय कळते, ओव्हरसियर तो. मी जन्म घालवला या धंद्यात."

मायलेकी एकमेकींकडे न पाहता पिशव्यांना पिना मारत राहिल्या.

चिवडा संपला. कृष्णकांतांनी पेपर झटकला, तेव्हा सवयीने त्यांची नजर त्यावर पडली. ट्यूबलाइटच्या उजेडात क्रिकेटचा सगळा धावफलक स्वच्छ वाचता येत होता. कुठेही डाग नव्हता. त्यांनी पेपर पालटून पाहिला. मागची शुभविवाहाची जाहिरातही कोरडी ठणठणीत होती.

त्यांनी मान वर केली. समोर भैरवी उद्याच्या पिशव्या रचत होती, समोरच्याच जागेवर, आणि गुणगुणत होती. कृष्णकांतांनी पेपराची नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"यमू," ते म्हणाले, "अजून आहे का वं थोडा, तळलेला?"